हुबेहूब कशास म्हणावें?

‘हुबेहूब’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. तसबीर हुबेहूब, मेणाचा पुतळा हुबेहूब, नाटकांतला शिवाजी हुबेहूब. आणि आतां संगणकाच्या पडद्यावर उडणारें लढाऊ विमानहि हुबेहूब! पहिल्या तिहींविषयीं आमचें भांडण नाहीं. चौथ्याविषयीं आहे, आणि तें आम्ही उघडपणें मांडणार आहों. कारण तो शब्द वापरणारी मंडळी अडाणी नाहींत, मोठी उद्योगी आहेत, आणि उद्योगी माणसाची चूक सहसा कोणी तपाशीत नाहीं.

आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजीवांनीं दोन वर्षें खपून स्पिटफायर विमानाच्या पहिल्या आवृत्तीची प्रतिकृति उड्डाण-सिम्युलेटरसाठीं तयार केली. दिवसा नोकरी आणि रात्रीं हा व्यासंग. स्नेही स्वतः या प्रकाराला ‘पोरखेळ’ म्हणतात, व आम्हीं त्यांच्या बाजूनें साक्ष द्यावी म्हणून त्यांनीं आम्हांस मुद्दाम घरीं बोलाविलें. साक्षीदार फितूर झाला, हें प्रथमच सांगितलेलें बरें.

चिरंजीवांनीं आम्हांस खुर्चींत बसवून विमान धांवपट्टीपर्यंत नेण्यास सांगितलें. आम्ही सावकाश, वयाला शोभेल अशा बेतानें निघालों. धांवपट्टी यावयाच्या आधींच इंजिन थंड ठेवणारा द्रव उकळला आणि सर्व कारभार आटोपला! दोष आमचा खरा, पण विमानाचाहि. त्याचा रेडिएटर उजव्या पंखाखालीं असे, आणि चाकें उतरलेलीं असतां त्या बाजूच्या चाकाचा पाय रेडिएटरच्या वाऱ्यांत अंशतः आड येई. जमिनीवर रेंगाळणाऱ्या वैमानिकाला १९४० सालीं जें प्रायश्चित्त मिळे, तेंच आम्हांस मिळालें. दुसऱ्या खेपेस आम्ही कसेबसे वर गेलों. सुरुवातीच्या कांहीं विमानांत चाकें वर घेण्यासाठीं उजव्या हातानें पंप मारावा लागे व त्यासाठीं सुकाणूचा दांडा डाव्या हातांत घ्यावा लागे. पंपाच्या प्रत्येक हिसक्याबरोबर दुसराहि हात हाले, आणि नवशिक्याचें विमान माना डोलावीत आकाशांत चढे. चिरंजीवांनीं ती सोयहि, किंवा गैरसोयहि, ठेवली आहे.

पुढें आम्हीं नाक एकाएकीं खालीं दाबलें, तों इंजिन खोकून क्षणभर गप्प झालें. मर्लिन इंजिनाचें पेट्रोल तरंगत्या गोळ्याच्या कार्ब्युरेटरमधून येई, आणि विमान झपाट्यानें खालीं वळलें कीं तें पेट्रोल भलतीकडे उसळे. शत्रूच्या मेसरश्मिट १०९ मध्यें पेट्रोल थेट सिलिंडरांत फवारलें जाई. म्हणून तें बेधडक सूर मारून निसटे, आणि इंग्रज वैमानिकाला त्याचा पाठलाग करण्यासाठीं आधीं विमान कुशीवर उलटवावें लागे. फार्नबरो येथील संशोधनसंस्थेंतल्या बिअॅट्रिस शिलिंग या विदुषीनें १९४१ सालीं पेट्रोलच्या वाटेंत भोंकाची एक लहानशी चकती बसवून या दुखण्यावर उतारा काढला. हें सर्व आम्हीं पूर्वीं वाचलें होतें. परंतु वाचलेलें डोक्यांत राहतें. त्या रात्रीं तें पोटांत गेलें. पंख मुळाशीं दोन अंश वर व टोंकाशीं अर्धा अंश खालीं असा पिळलेला कां ठेवला, आणि त्यामुळें विमान कोसळण्यापूर्वीं थरथरून वैमानिकाला इशारा कसें देतें, हें कोणत्याहि ग्रंथानें आम्हांस इतकें स्पष्ट सांगितलें नव्हतें.

तेव्हां ‘पोरखेळ’ या आक्षेपाची वासलात थोडक्यांत लावतां येते. एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थानें १९२९ च्या सुमारास आपल्या वडिलांच्या वाद्यांच्या कारखान्यांत, ऑर्गनच्या भात्यांवर डोलणारें एक खोटें विमान तयार केलें. प्रथम तें जत्रेंतल्या करमणुकीसाठींच खपलें. १९३४ सालीं अमेरिकन लष्करानें सहा यंत्रें विकत घेतलीं, आणि पुढल्या महायुद्धांत दोस्तांचे वैमानिक त्याच यंत्रांत बसून आंधळें उड्डाण शिकले. आमच्या स्नेह्यांनीं जत्रेंतलें यंत्र पाहिलें असतें तर त्यांनीं तेव्हांहि हाच शब्द वापरला असता.

येथवर चिरंजीव आमच्यावर प्रसन्न होते. येथून पुढें ते नव्हते.

आम्हीं त्यांस विचारलें, पेट्रोल कोठें असतें? ते तत्काळ म्हणाले, वरच्या टाकींत ४८ गॅलन, खालच्या टाकींत ३७, एकूण ८५. आणि या टाक्या कोठें असतात? इंजिन आणि वैमानिक यांच्यामध्यें. म्हणजे गोळी लागून पेट घेतला तर ज्वाळा कोणाच्या अंगावर येतात? चिरंजीव गप्प राहिले. गॅलनागणिक पेट्रोल मोजणाऱ्या त्यांच्या प्रतिकृतींत ज्वाळा दिसतात, पडदा काळा होतो, आणि एक कळ दाबली कीं तीच सकाळ पुन्हां उगवते. ३ सप्टेंबर १९४० रोजीं रिचर्ड हिलरी नांवाचा तरुण अशाच एका स्पिटफायरमधून समुद्रांत पडला, तेव्हां त्याचे हात व चेहरा जळून गेला होता. त्याला उपचारासाठीं ईस्ट ग्रिनस्टेड येथें आर्चिबाल्ड मॅकिंडो या शस्त्रवैद्याकडे जावें लागलें. त्या रुग्णालयांतील भाजलेल्या वैमानिकांनीं १९४१ सालीं आपलें एक मंडळ काढलें, आणि आपल्यावर नवनव्या शस्त्रक्रियांचे प्रयोग होतात म्हणून त्याचें नांव ठेवलें ‘गिनी पिग क्लब’. त्या कातडीचें चित्र पडद्यावर दाखवा असें आम्ही म्हणत नाहीं. तो बीभत्सपणा होईल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जी प्रतिकृति रेडिएटरचा ताप दाखविते आणि माणसाचा दाखवूं शकत नाहीं, तिनें आपल्या नांवामागें ‘यंत्रापुरती’ हा शब्द लावावा.

यावर उत्तर तयार होतें: ‘‘आम्ही यंत्राचीच प्रतिकृति करतों, इतिहास लिहिणें हें आमचें काम नव्हे.’’ हें उत्तर प्रामाणिक असतें तर आम्ही तेथेंच उठलों असतों. पण त्या विमानाच्या अंगावर ‘यू एम’ हीं अक्षरें होतीं. यंत्राला अक्षरांची गरज नसते. तीं अक्षरें १५२ व्या तुकडीचीं. १९४० च्या उन्हाळ्यांत ती डॉर्सेटमधील वॉर्मवेल येथें होती, आणि तो हिरवा-तपकिरी रंग बरोबर त्या उन्हाळ्याचा साधावा म्हणून चिरंजीवांनीं तीन महिने घालविले होते. एवढेंच नव्हे, तर सोबतच्या शंभर पानी पुस्तिकेच्या आरंभीं त्यांनीं तुकडीचें मानचिन्हहि छापलें आहे. त्यावर एक शिरोभूषण आहे. तें कोणाचें, असें आम्हीं विचारलें. त्यांना माहीत नव्हतें! ज्या मुलाला पंखाचा अर्धा अंश ठाऊक, त्याला ही पगडी ठाऊक नाहीं.

ती निजामाची. १५२ व्या तुकडीचें पूर्ण नांव ‘हैदराबाद’ तुकडी. निजामाच्या देणगीवरून तें पडलें, आणि तिचें ब्रीदवाक्य ‘फेथफुल ॲलाय’, म्हणजे एकनिष्ठ दोस्त, ही निजामाला इंग्रजांनीं दिलेली पदवीच होती. त्या निजामाच्या राज्यांत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पांच मराठी जिल्हे होते. देणगी खाजगींतून गेली कीं दिवाणींतून, हा वाद हिशेबनिसांनीं घालावा. खाजगी जमीनहि कोणी तरी कसतच होतें. १९३८ सालीं याच राज्यांत स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रही तुरुंगांत गेले, आणि ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना औरंगाबादेच्या वसतिगृहांतून बाहेर पडावें लागलें. दुसऱ्याच वर्षीं ही तुकडी पुन्हां उभी राहिली. इंग्लंडचें स्वातंत्र्य राखणाऱ्या विमानांच्या तुकडीवर, आपल्या प्रजेला सभेचेंहि स्वातंत्र्य न देणाऱ्या राजाची पगडी! हा विरोधाभास कोणा लेखकानें रचलेला नाहीं. तो त्या मानचिन्हावरच आहे. आणि हा प्रकार एकट्या निजामाचा नव्हे. १२४ व्या तुकडीला बडोद्याचें नांव होतें, तीहि स्पिटफायर उडवी. त्या काळीं एका स्पिटफायरची देणगीदारांसाठीं ठरविलेली किंमत पांच हजार पौंड होती. ती भरली कीं विमानावर नांव येई. भरणाऱ्यांच्या मागें कोण उभे होते, त्यांचीं नांवें रंगविण्याइतकी जागा कोणत्याहि विमानावर नसते.

कोणी म्हणेल, हिटलरविरुद्धचें युद्ध न्याय्य होतें, मग पैशाची चौकशी कशाला? युद्ध न्याय्य होतें हें आम्हांस मान्य आहे. वॉर्मवेलच्या त्या पोरांचें शौर्यहि मान्य आहे. त्यांतले पुष्कळ वयानें चिरंजीवांहून लहान होते. परंतु न्याय्य युद्धाचा खर्च अन्यायानें वसूल झाला असेल, तर तो हिशेबांतून पुसला जात नाहीं. आमचे आजोबा परभणीकडचे. त्यांनीं विमान प्रथम पाहिलें तें पुष्कळ वर्षांनीं. सारा मात्र ते आधींपासून भरीत होते.

आम्हीं चिरंजीवांकडे मागणी केली ती लहान होती. शंभर पानांत दोन पानें वाढवावीं: एक त्या टाक्यांविषयीं, एक त्या पगडीविषयीं. नाहीं तर अक्षरें व मानचिन्ह काढून विमान कोरें ठेवावें. कोऱ्या विमानाला आमची हरकत नाहीं. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, ‘‘हीं पानें लिहिणार कोण?’’

आम्हीं तीं लिहून गेल्या पंधरवड्यांत पाठविलीं आहेत. अद्याप उत्तर नाहीं. स्नेह्यांकडून कळतें कीं, चिरंजीव सध्यां मागच्या चाकाच्या रबराचा रंग सुधारण्यांत गुंतले आहेत.