एका चेंडूवरचा सट्टा

शेवटच्या ओव्हरला कॅप्टन भरवशाच्या बोलरकडेच बॉल देतो ना? बेसबॉलमध्ये हेच काम करणाऱ्या रिलीफ पिचरला ‘क्लोजर’ म्हणतात. क्लीव्हलँड गार्डियन्सचा इमॅन्युएल क्लासे त्यातला अव्वल. २०२२ ते २०२४ सलग तीन वर्षं अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक ‘सेव्ह’ त्याचेच, करार पाच वर्षांचा, २ कोटी डॉलरचा. नोव्हेंबर २०२५मध्ये मात्र त्याच्यावर आरोप ठेवला गेला, की सट्टेबाजांशी आधीच ठरवून त्याने काही चेंडू टाकले. त्याने आरोप नाकारलेत.

पण प्रश्न एकट्या क्लासेचा नाही. अमेरिकेत एकेका चेंडूवर, अगदी त्याच्या वेगावरही पैज लागते. एक चेंडू बाहेर गेला म्हणून कुणी मॅच हरत नाही, त्यामुळे शंकाही येत नाही. २०१०मध्ये लॉर्ड्सवर ठरवून टाकलेले नो-बॉल आठवा. तिथेही विकला गेला तो निकाल नव्हे, चेंडू.

या प्रकरणानंतर एका चेंडूवरच्या पैजेला तिथे २०० डॉलरची मर्यादा आली. आपल्याकडे तर २०२५च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीच घातली. तरीही ग्रुपवर कुणी ‘पुढच्या बॉलला काय लावतोस?’ विचारलं, तर एवढं लक्षात ठेवा: पैज जितक्या छोट्या गोष्टीवर, तितकी ती फिक्स करणं सोपं.