प्रवास गाळा, अंतर नको

आमच्या कथांतला नायक यवतमाळला दार लोटतो आणि पुढल्याच ओळीत मुंबईत जिना चढतो. याला आम्ही वेग म्हणत नाही. तिकीट, खिडकी, चहा, प्रत्येक स्थानक नोंदवणे हाही उपाय नव्हे. यवतमाळ–मूर्तिजापूर अंतर ११३ किलोमीटर. १९९४पर्यंत वाफेवर धावलेली आणि आता बंद पडलेली ‘शकुंतला’ त्यासाठी कित्येक तास घेई. म्हणून दारव्हा, कारंजा सारे कथेत यावे काय? मुळीच नाही. लेकीच्या लग्नासाठी कापसाचे पैसे घेऊन निघालेला बाप मूर्तिजापुरास उतरला, तेव्हाही त्याचा हात खिशावरच होता, एवढे लिहावे. वाटेतले सारे तास वाचकाला कळतात. प्रवास खुशाल गाळा; त्याचा माणसावरला भार गाळण्याचा अधिकार लेखकाला नाही.