ढाल तुटली तेव्हा : ऐतिहासिक चित्रपटांतील लढाया किती खऱ्या?

१/ तानाजी मालुसऱ्यांच्या अखेरच्या झुंजीचे सर्वांत विश्वसनीय वर्णन अवघ्या काही ओळींचे आहे. ते कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत आहे. उदयभानाशी गाठ पडली, दोघांनी एकमेकांवर घाव घातले, तानाजींची ढाल तुटली आणि दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही. मग डाव्या हाताचीच ढाल करून ते घाव झेलत राहिले. शेवटी दोघेही पडले.

२/ यातील ‘दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही’ हा तपशील शाहिराला सहसा सुचणार नाही. तो लढाईतून आलेला वाटतो. माणसाचे शौर्य शाबूत आहे, पण हातातले साधन दगा देते, आणि पुढचे सारे त्या एका उणिवेवर ठरते. ऐतिहासिक चित्रपटांतील मारामाऱ्यांतून नेमकी हीच गोष्ट नाहीशी झाली आहे.

३/ ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘तान्हाजी’ (२०२०), ‘पावनखिंड’ (२०२२) या चित्रपटांनी तरुण प्रेक्षक मोठ्या संख्येने इतिहासाकडे वळवला, हे मान्य करण्यात कोणी कद्रूपणा करू नये. आक्षेप वेगळा आहे. पडद्यावरचा वीर थकत नाही, त्याची ढाल तुटत नाही, आणि त्याला घेरणारे दहा गनीम आपली पाळी येईपर्यंत शिस्तीत उभे राहतात. अशा वीराला धोकाच नसतो. ज्याला धोका नाही त्याच्या धैर्याचे मोल कसे करायचे?

४/ दांडपट्ट्याचेच पाहावे. पट्टा गोल फिरवणे ही चित्रपटवाल्यांची कल्पना नव्हे. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात ते आजही पाहायला मिळते आणि त्यामागे हिशेब आहे. पट्ट्याची मूठ लोखंडी खोबणीत असते, कोपरापर्यंतचा हात झाकला जातो, मनगट जवळजवळ बांधले जाते. त्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. लांब, लवचिक पाते फिरत राहिले की भोवतीची माणसे अंतरावर राहतात. एकट्याने अनेकांना थोपवण्याचे ते हत्यार आहे. परंतु थोपवणे आणि एकेका फेऱ्यात पाच जणांना लोळवणे यांत फरक आहे. शिवाय खांदा हा माणसाचाच असतो, तो काही वेळाने भरून येतो. पडद्यावर खांदा भरून आलेला कधी दिसला आहे काय?

५/ तलवारीवर तलवार आपटून ठिणग्या उडवण्याचा सोसही असाच. पात्याच्या धारेवर धार आपटली की धारेला दाते पडतात. इथल्या लढवय्याच्या डाव्या हातात कातड्याची ढाल असे ती याचसाठी : घाव ढालीवर घ्यायचा आणि तलवार कापण्यासाठी राखायची. ढाल तुटणे ही तानाजींच्या बाबतीत प्राणांतिक घटना का ठरली, हे एवढ्यावरून ध्यानात येते. पडद्यावर मात्र ढाल बहुधा पाठीवरच असते. शोभेला.

६/ (जाता जाता : ‘तान्हाजी’मधील राजगडावर रोखलेली ‘नागीण’ तोफ सभासदाच्या बखरीत नाही. सिंहगड ते राजगड हे अंतर त्या काळच्या तोफेच्या टप्प्यातही नव्हते.)

७/ चित्रपट म्हणजे बखर नव्हे, हा बचाव रास्त आहे. परंतु खरेपणाने नाट्य उणावते, हे गृहीतक चुकीचे आहे. कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराय’मध्ये (१९५४) अखेरची लढाई पावसात आणि चिखलात होते. माणसे घसरतात, धापा टाकतात. सातांपैकी चार सामुराय मरतात, आणि चौघेही बंदुकीच्या गोळीने. त्यांतला सर्वांत निष्णात तलवारबाजही गोळीलाच बळी पडतो. प्रेक्षकाच्या काळजाचा ठोका चुकतो तो तिथेच.

८/ आपल्याकडे असा प्रसंग नाही असे थोडेच आहे! १६६५ मध्ये पुरंदरावर मुरारबाजी देशपांडे निवडक सातशे माणसांनिशी दिलेरखानावर तुटून पडले. सभासद सांगतो की त्यांची मर्दुमकी पाहून खानाने कौल देऊ केला. मुरारबाजींनी तो धुडकावला. तेव्हा खानाने दुरून तीर मारून त्यांना पाडले. समोरासमोरचे द्वंद्व त्यांच्या नशिबी आलेच नाही. सर्वोत्तम तलवारीलाही दुरून आलेल्या बाणापुढे उत्तर नसते, ही गोष्ट पडद्यावर आणायला दिग्दर्शकाजवळ धीर हवा.

९/ आता भाईंदर पूर्वेच्या खारीकडे येऊ. मिठागरांच्या या पट्ट्यातून खाडी ओलांडली की वसई. साष्टीची आणि वसईची मोहीम १७३७ ते १७३९ अशी चालली. चिमाजी अप्पांच्या सैन्याने घोडबंदर घेतले. भाईंदरच्या पश्चिमेच्या टोकाला, वसईच्या समोर असलेल्या धारावीच्या किल्ल्यासाठीही लढाया झाल्या. खारीत वाढणाऱ्या मुलांना पडद्यावरच्या उदयभानाचा चेहरा पाठ असेल. घरापासून लोकलने दहा मिनिटांवर काय घडले, हे त्यांना कोणत्या चित्रपटाने दाखवले?

१०/ दाखवणे सोपे नाही, हे खरे. वसईच्या वेढ्यात तलवारीचे काम शेवटी आले आणि तेही थोडे. १७३९ च्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत माणसे वाळूत मोर्चे खणत तटाकडे सरकत होती. वरून तोफा, बंदुका आणि पेटते गोळे. मातीच्या आडोशामागे दिवस काढायचे, रात्री आणखी चार हात पुढे खणायचे. तटाखाली सुरुंग भरायचे. सुरुंग नेहमी ठरल्या वेळी उडत नसत. अखेरच्या हल्ल्यात खिंडार पडले म्हणून पुढे धावलेल्या मराठ्यांखालीच मागे राहिलेला सुरुंग उडाला आणि आपलीच माणसे गाडली गेली. तरीही मागची फळी पुन्हा त्याच खिंडाराकडे गेली.

११/ त्या फळीतील माणसाचे धैर्य कोणत्या नृत्यदिग्दर्शित मारामारीत मावेल? त्याच्यासमोर खलनायक नाही, संवाद नाही, हातात फिरवायला पट्टा नाही. आहे ती कालच फुटलेली, अजून धुमसणारी माती. बहुतेकांची नावेही उरलेली नाहीत. त्यांच्या वाट्याची लढाई पट्ट्याच्या फेऱ्यांत आणि संथगतीच्या उड्यांत विरून जाते, ही या चित्रपटांची खरी उणीव आहे. पोशाखातल्या चुका त्यामानाने किरकोळ.

१२/ आणि वसईचा शेवट तर कोणत्याही पटकथाकाराने हेवा करावा असा. १६ मे १७३९ रोजी तहाची कलमे ठरली. पोर्तुगीजांना काही दिवसांची मुदत मिळाली. मग ज्यांनी तीन महिने तटावरून आग ओतली तेच शिपाई हत्यारांसह, निशाण फडकवत आणि ढोल वाजवत किल्ल्याबाहेर पडले व जहाजांवर चढले. मराठे बाजूला उभे राहून पाहत होते.