परक्याच्या वकिलातीचा आधार

कयाधूकाठची नरसी ही संत नामदेवांची जन्मभूमी म्हणून ओळखली जाते. येथून निघालेला हा संत पंजाबात घुमानपर्यंत गेला आणि तेथल्यांनी त्याला आपला मानले. त्या वाटेवर ना पारपत्र होते, ना कोणा सत्तेची वकिलात. आज नरसीसारख्या गावाचा तरुण आखातात मजुरीला वा परदेशी शिक्षणाला जातो, तेव्हा त्याच्या खिशात पारपत्र असते. पण त्या पुस्तिकेचे मोल तिच्यामागे उभ्या असलेल्या सरकारवर ठरते. आणि ते सरकारच त्या देशात हजर नसेल तर?

मराठी माणसाने या प्रश्नाचे उत्तर १९५५ साली गोव्यात अनुभवले आहे. मराठवाडा निजामी राजवटीतून सुटून सात वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रह्यांवर पोर्तुगीज गोळ्या चालल्या व वीसहून अधिक जण धारातीर्थी पडले. ना. ग. गोरे, मधु लिमये, शिरुभाऊ लिमये यांच्यासारखे समाजवादी त्याआधीच गोव्यात शिरून पकडले गेले होते. लष्करी न्यायालयांनी त्यांना दहा-दहा, बारा-बारा वर्षांच्या शिक्षा ठोठावल्या. दिल्लीने पोर्तुगालशी संबंध तोडले व १ सप्टेंबरपासून गोव्यातील आपली वकिलात बंद केली. निषेध म्हणून हे योग्यच होते. परंतु ज्यांच्यासाठी निषेध, त्या बंदिवानांची विचारपूस करणारा दिल्लीचा अधिकारी मात्र तेथे उरला नाही. तेव्हा गोव्यातील भारतीय हितसंबंधांची देखरेख इजिप्तने पत्करली. भारतातील पोर्तुगीज हितसंबंध ब्राझीलने सांभाळले. मराठी सत्याग्रह्याची कैफियत कैरोच्या मार्फत मांडली जावी, हा इतिहासाचा मोठा विलक्षण खेळ!

या व्यवस्थेची मर्यादा मात्र आम्हांला तिच्या उपयोगाहून अधिक बोलकी वाटते. १९५७ च्या फेब्रुवारीत भारतीय सत्याग्रही सुटले. गोमंतकीय बंदिवान मागे राहिले, कारण सालाझारच्या कायद्याने ते पोर्तुगालचेच प्रजाजन. त्यांच्यासाठी बोलण्याचा अधिकार कोणत्याच परक्या वकिलाला नव्हता. सशस्त्र लढ्यात पकडले गेलेले मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले. १९६९ च्या जानेवारीत त्यांची सुटका झाली, ती सुधीर फडके यांच्यासारख्यांनी उभारलेल्या लोकप्रयत्नांमुळे आणि अण्णादुराईंनी पोपपाशी घातलेल्या शब्दामुळे. परराष्ट्र खात्याच्या फायली तोवर किती हलल्या, याचा हिशेब त्या खात्याने कधी तरी द्यावा.

पुढे १९६१ च्या व्हिएन्ना कराराने या प्रथेला लेखी रूप आले. १९७१ च्या युद्धानंतर भारत व पाकिस्तान या दोहोंचे एकमेकांकडील काम स्वित्झर्लंडने पाहिले. पण करारात एक मेख आहे: यजमान राष्ट्राची संमती हवी. म्हणजे संरक्षणाची गरज जेथे सर्वांत तीव्र, तेथेच ते नाकारण्याची सोय.

आज बाजू पालटली आहे. १९१५ नव्हे, अगदी अलीकडच्या २०१५ साली येमेनमधून भारताने आपल्या साडेचार हजारांहून अधिक माणसांबरोबर एक्केचाळीस देशांच्या सुमारे साडेनऊशे नागरिकांना बाहेर काढले. त्याच संकटात पाकिस्तानी नौकेने काही भारतीयांना सुखरूप आणले. २०२२ मध्ये युक्रेनमधून नेपाळी विद्यार्थीही आपल्या विमानांतून परतले. हे सारे स्तुत्यच. परंतु ते त्या त्या वेळच्या सौजन्यावर चालले, हक्काने नव्हे. युरोपीय संघाच्या नागरिकाला, त्याच्या देशाची वकिलात नसेल तेथे, संघातील अन्य कोणत्याही देशाच्या वकिलातीत स्वतःच्या नागरिकासारखी वागणूक मागता येते. आखातातल्या एकाच छावणीत मराठवाड्याचा, नेपाळचा नि बांगलादेशाचा मजूर शेजारी झोपतो, एकाच मुकादमाकडे तिघांची पारपत्रे अडकतात. मग त्यांच्या सरकारांना एकमेकांच्या माणसांची जबाबदारी लेखी करारान्वये घेण्यास कोणती अडचण आहे? दक्षिण आशियातील राष्ट्रांची परिषद १९८५ पासून कागदावर आहे. तिचे राजकारण गोठले असेल तर दिल्लीने काठमांडू, ढाका, कोलंबो यांच्याशी स्वतंत्र बोलणी करावीत. आणि त्या करारात पहिले कलम तुरुंगातल्या व पगार बुडालेल्या मजुरासाठी असावे. व्यापाऱ्याच्या मालाचे नंतर पाहता येईल.