चव की किक?

सुरुवातीलाच दोन गोष्टी कबूल करते. एक, मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांच्या माथी! दोन, विषय बिअरचा आहे आणि मी ती प्यायलेली नाही. मला वीस पूर्ण झालीत, महाराष्ट्रात बिअरला एकवीस लागतात. तेव्हा रेक्टर मॅडम, कृपया पुढे वाचा.

झालं असं, की गेल्या सेमला आमच्या केमिकलच्या बॅचची इंडस्ट्रियल व्हिजिट पुण्याजवळच्या एका छोट्या ब्रुअरीत गेली. सरांनी बसमध्येच बजावलं होतं, "प्रोसेस बघायची, प्रॉडक्ट नाही!" आत शिरताच हॉर्लिक्सचा वास आला. येणारच म्हणा, दोन्हीकडे माल्टच.

तिथल्या ब्रूअर दादांनी प्रत्येकाच्या तळहातावर हिरव्या गोळ्या ठेवल्या. हॉप्स! एका वेलीची फुलं, वाळवून दाबलेली. वेल भांगेच्याच कुळातली, हे ऐकून मागची रांग एकदम जागी झाली. भांगेची नशा मात्र त्यात नसते म्हटल्यावर परत झोपली. गोळी चोळून वास घेतला तर आंब्याची साल, पपनस आणि कुठेतरी गवती चहा! दादा म्हणाले, यात मायर्सिन असतं, ते आंब्यातही असतं. पपनसासारख्या वासाची कॅस्केड ही हॉप्सची जात अमेरिकेत १९७२ साली आली. १९८० साली कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा या तेव्हाच्या चिमुकल्या ब्रुअरीने तिच्यावर आपली पेल एल बेतली आणि कडू, वासाच्या बिअरची तिकडे लाटच आली.

मग दादांनी उकळत्या टाकीतलं थोडं वर्ट गार करून स्टीलच्या ग्लासात दिलं. यीस्ट घातलेलंच नव्हतं, म्हणजे अल्कोहोल शून्य. सरांनी दोनदा विचारून खात्री केली. पहिला घोट उसाच्या रसासारखा गोड, आणि मग जिभेच्या मागे कारलं! मी तोंड वाकडं केलं, तसे दादा हसले. "थांब, पुन्हा घे." दुसऱ्या घोटाला त्या कडूमागे पपनस सापडलं. तिसरा मी मागून घेतला. उकळताना हॉप्समधली अल्फा ॲसिड्स आयसोमराइज होतात म्हणून कडूपणा येतो, पण वासाची तेलं उडून जातात. म्हणून थोडे हॉप्स आधी टाकायचे आणि थोडे अगदी शेवटी. पुस्तकातलं आयसोमरायझेशन मला पहिल्यांदा जिभेवर कळलं.

शेवटी "एनी क्वेश्चन्स?" झालं. सत्तर जणांतून एकच प्रश्न आला, "पर्सेंटेज किती?" सगळे हसले, मीही हसले. पण बसमध्ये बसल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

कारण आपल्या हॉस्टेलांत पिणं कसं चालतं, ते सगळ्यांना माहीत आहे. (होय, लेडीज हॉस्टेलमध्येही.) राउंडच्या आधी दहा मिनिटांत, नाक दाबून, कोल्ड्रिंकमध्ये ओतून, सरळ घशाखाली. चव लागू नये हीच धडपड! गेल्या वर्षी फेस्टच्या रात्री माझ्या एका मैत्रिणीला आम्ही अशाच दहा मिनिटांनंतर रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. तिची मान माझ्या खांद्यावर होती आणि मी सारखी तिचा श्वास बघत होते. ती वाचली. साधा मास बॅलन्स आहे हो. यकृताला एका पेगला साधारण तासभर लागतो. बाहेर जाण्याचा वेग ठरलेला आणि आत चार पेग दहा मिनिटांत! उरलेलं साठतं कुठे? रक्तात. हे गणित फर्स्ट इयरचं पोरही सोडवेल, पण त्या रात्री आम्हा कुणाला सुचलं नाही.

क्राफ्ट बिअरची जाहिरात करतेय असं समजू नका. आंब्याचा वास असला तरी अल्कोहोल ते अल्कोहोलच, आणि यकृताला वास कळत नाही. न पिणाऱ्यांनी तर मुळीच सुरू करू नये. माझं म्हणणं एवढंच, की ज्या गोष्टीची चव नको, फक्त किक हवी, ती गोष्ट आपण मुळात घेतोच कशाला? ज्याला चव घ्यायची असते तो थांबतो. थांबणाऱ्याला रिक्षात घालून न्यावं लागत नाही.

स्टाफलाही एक विनंती. "पिऊ नका"ची नोटीस दरवर्षी लागते, लागू दे. पण तिच्या शेजारी तो मास बॅलन्सही लावा. आणि कुणी बेशुद्ध पडलं तर आधी अॅम्ब्युलन्स, चौकशी नंतर, एवढं एक वाक्य लिहा. त्या रात्री रेक्टरना उठवायचं की नाही, यावर आम्ही वीस मिनिटं वाद घातला होता. त्या वीस मिनिटांची कडू चव अजून गेलेली नाही.