स्मृतिभ्रंश आणि नववीतली मुलगी

वय झाले की विसर पडायचाच, असे आपण सहज बोलून जातो. पण चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि रोजच्या वाटेवर आपले घर न सापडणे वेगळे. हा दुसरा प्रकार स्मृतिभ्रंशाचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना हा विकार असावा. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण जास्त आढळले.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये या विकाराची आटोक्यात आणण्याजोगी १४ कारणे सांगितली. ती सारी दूर झाली, तर जवळपास ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल, असा तिचा अंदाज आहे. बालपणी शिक्षण कमी मिळणे हे त्यांपैकी एक. शिवाय रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे, अधू दृष्टी, एकाकीपणा. शिकलेला प्रत्येक माणूस वाचतो असे नव्हे. पण लहानपणी बांधलेली शिदोरी मेंदूला उतारवयात पुरते.

शब्दकोडी सोडवा, सकाळी फिरा, हा सल्ला चांगलाच. पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या निरक्षर बाईने कोडे कसे सोडवावे? श्रवणयंत्र न परवडणाऱ्या आजोबांना 'लोकांत मिसळा' म्हणून काय उपयोग? या यादीतली बरीच कारणे गरिबाच्या घरी एकदमच वस्तीला येतात.

बडोद्याला शिक्षणाचे मोल नव्याने सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. आजचा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. नववीपासून खर्च वाढतो, आणि घरात ओढाताण झाली की अनेकदा आधी मुलीची शाळा सुटते. त्या वर्षी वाचलेल्या पैशांची किंमत ती पुढे आयुष्यभर मोजते.

म्हणून विश्वस्तांना आमची सूचना आहे, की शिष्यवृत्तीचा काही भाग गुणांवर न देता नववी-दहावीतल्या गरजू मुलींसाठी राखून ठेवावा. संध्याकाळी रिकाम्या असणाऱ्या एका खोलीत प्रौढ साक्षरता वर्ग चालवावा. पालकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांचा रक्तदाब, कान आणि डोळे वेळेवर तपासून घ्यावेत. आणि विद्यार्थीमित्रांनो, ज्यांच्या आजीला वाचता येत नाही, त्यांनी रोज तिला दोन अक्षरे शिकवावीत. येत्या सभेत या सूचनांवर विचार व्हावा, ही विनंती.