रसिकांची साक्ष: राखमानिनॉव्हची दुसरी सिम्फनी

इंग्रजीतील संगीतविषयक कोशवाङ्मयात ग्रोव्हच्या कोशाइतका अधिकार दुसऱ्या कोणत्याही ग्रंथाला लाभलेला नाही. या कोशाची पाचवी आवृत्ती 1954 साली एरिक ब्लॉम यांच्या संपादनाखाली नऊ खंडांत निघाली. तीत सर्गेई राखमानिनॉव्हविषयी एक त्रोटक नोंद आहे. त्याच्या संगीताचे पोत एकसुरी, त्याच्या सुरावटी कृत्रिम आणि ओसंडून वाहणाऱ्या, त्याच्या काही रचनांना हयातीत लाभलेली अफाट लोकप्रियता टिकण्याजोगी नाही आणि जाणत्यांनी तिला फारशी किंमत कधी दिलीच नव्हती, असा तिचा एकंदर आशय. संगीतकाराला जाऊन तेव्हा अवघी अकरा वर्षे झाली होती. कोशकाराचे काम नोंदण्याचे; भविष्य वर्तवण्याचे नव्हे. तरीही ते वर्तवले गेले आणि सपशेल चुकले.

ते चुकले एवढ्यावर समाधान मानणे मात्र सोपे आणि निरुपयोगी आहे. लोकप्रियता हा श्रेष्ठतेचा पुरावा नव्हे, हे ब्लॉम यांना ठाऊक होते आणि ते खरेही आहे. प्रश्न वेगळाच आहे. श्रोत्यांच्या तीन-चार पिढ्या एखाद्या कृतीकडे पुन्हा पुन्हा परततात, तिच्या एका संथ भागासाठी जीव टाकतात आणि समीक्षा मात्र त्या प्रेमाकडे लक्षण म्हणून पाहते, साक्ष म्हणून नव्हे. हा व्यवहार समीक्षेच्या कोणत्या तत्त्वात बसतो? राखमानिनॉव्हच्या ई मायनरमधील दुसऱ्या सिम्फनीचा, विशेषतः तिच्या तिसऱ्या भागाचा, म्हणजे अडाजिओचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

पूर्वपीठिका सर्वपरिचित आहे. पहिली सिम्फनी 1897 साली पीटर्सबर्गला ग्लाझुनॉव्हच्या संचालनाखाली वाजली आणि पडली. सेझार क्यूईने तिच्यावर विषारी परीक्षण लिहिले. संगीतकाराची लेखणी जवळजवळ तीन वर्षे अडली. डॉक्टर निकोलाय दाल यांचे उपचार आणि त्यांनाच अर्पण केलेला दुसरा पियानो कंचेर्तो हा त्यानंतरचा अध्याय. 1905 च्या राजकीय उलथापालथीनंतर बोल्शॉयमधील संचालकपद सोडून राखमानिनॉव्ह 1906 मध्ये ड्रेस्डेनला राहावयास गेला. तेथे 1906-07 मध्ये ही सिम्फनी लिहिली गेली आणि 1908 च्या आरंभी पीटर्सबर्गला त्याच्याच संचालनाखाली सादर झाली. कृती तानेयेव्हला अर्पण केलेली आहे. तानेयेव्ह हा काउंटरपॉइंटचा कठोर गुरू होता. ‘ओसंडून वाहणाऱ्या’ संगीताची अर्पणपत्रिका अशा माणसाच्या नावे असावी, ही गोष्ट टीकाकारांना कधी खटकली नाही. त्या वर्षीचे एक हजार रूबलांचे ग्लिंका पारितोषिक या सिम्फनीला मिळाले.

पुढे जे घडले ते ध्यानात घेतल्याशिवाय या कृतीविषयीचा एकही प्रतिकूल अभिप्राय नीट वाचता येत नाही. जवळपास तासभराची ही रचना दशकानुदशके कापून वाजवली गेली. 1928 मध्ये निकोलाय सोकोलॉफ आणि क्लीव्हलँडच्या वाद्यवृंदाने तिचे पहिले ध्वनिमुद्रण केले, तेही काटछाट केलेलेच. पुढे युजीन ऑर्मंडीसारख्या संगीतकाराच्या चाहत्या संचालकानेही दीर्घकाळ कापलेलीच संहिता वाजवली. कित्येक प्रयोगांत सिम्फनी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत आटोपली जाई. राखमानिनॉव्हने स्वतः याला संमती दिली होती हे खरे आहे; पहिल्या सिम्फनीचा घाव जन्मभर वागवणाऱ्या माणसाची ती संमती होती. एखाद्या कवीने भीतीपोटी आपल्या खंडकाव्याची तीन सर्गे गाळू दिली, तर उरलेल्या सर्गांवरून त्याच्या रचनाशक्तीचा निवाडा करणाऱ्यास साहित्यात तरी गंभीर समीक्षक म्हणता येणार नाही.

शिवाय कात्री चालते कोठे, हेही पाहावे. सुरावटीला कोणी हात लावीत नाही. श्रोते तिच्यासाठीच आलेले असतात. कापले जातात ते दुवे: एका कल्पनेकडून दुसरीकडे नेणारे उतार, पुनरागमनाची तयारी, चढत जाणाऱ्या भावाला रोखून धरणारे विलंब. अशी कापाकापी झाली की शिखरे तेवढी उरतात आणि दऱ्या बुजतात. मग टीकाकार येतो आणि म्हणतो, येथे सुरावटी आहेत, विकास नाही. उमाळे आहेत, बांधणी नाही. विकास ज्यांनी काढून टाकला त्यांच्याच बैठकीत बसून त्याच्या अभावाचा ठपका कर्त्यावर ठेवायचा, असा हा न्याय आहे. 1973 मध्ये आंद्रे प्रेव्हिन यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून संपूर्ण संहिता ध्वनिमुद्रित केली आणि ती सर्वदूर पोचली. ज्यांना तोवर सिम्फनी लांबट वाटत होती त्यांपैकी अनेकांना ती पूर्ण लांबीत ऐकताना आटोपशीर वाटली. यात चमत्कार काही नाही. वेळ मिनिटांनी मोजला जातो, पण संगीतातील काळ हा कारणांनी भरलेला असतो. कारणे काढून घेतली की उरलेला काळ जड होतो.

आता अडाजिओकडे वळावे. आरंभी व्हायोलिनवर एक वर चढणारे चरण येते. इतके भरलेले, की हेच मुख्य गीत असावे असे प्रथम ऐकणाऱ्यास वाटते. पण ते पूर्ण होत नाही. काही बारांतच मागे सरते आणि एकटा क्लॅरिनेट बोलू लागतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदसाहित्यातील हे एक सर्वांत दीर्घ श्वासाचे एकल गीत होय. त्याची खुबी गोडव्यात नाही. ते थांबण्याचे नाकारते, हे त्याचे बळ आहे. प्रत्येक ओळ विसाव्याच्या जागी येते आणि विसावण्याऐवजी तेथूनच पुढची ओळ उचलते; खाली वाद्यवृंदाची स्वरसंगती सरकत राहते, म्हणून तोच स्वर पुन्हा आला तरी त्याचा अर्थ बदललेला असतो. मधल्या विभागात पहिल्या भागातले खर्जातील बोधचिन्ह परतते, सिम्फनीच्या अगदी आरंभी चेलो आणि डबलबासवर उमटलेले. म्हणजे हे सुखाचे बेट नाही. ज्या काळोखातून कृती निघाली तो येथेही आहे. मग शिखर, आणि शिखरानंतर ओसरणे: व्हायोलिनचे ते आरंभीचे चरण तुकड्यातुकड्यांनी हॉर्न, एकटे व्हायोलिन, सुषिर वाद्ये अशा एकेकट्या वाद्यांकडून फिरते, जणू सारा समूह आपली गोष्ट विसरला आहे आणि एकेकाला तिचे दोन शब्द आठवत आहेत. नंतर क्लॅरिनेटचे गीत व्हायोलिनवर येते. पण आता ते एकटे नाही. पहिले अपुरे चरण त्याच्या भोवती, त्याच्या खाली, त्याला उत्तर देत गुंफलेले असते. आरंभी ज्याने जागा सोडून दिली होती, ते आता गीताचे सोबती झालेले असते.

याला भावविवशता म्हणतात! हा शब्द मराठी समीक्षेतही भरपूर वापरला गेला आहे, आणि बहुतेक वेळा विश्लेषण टाळण्यासाठी. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या 1955 च्या ग्रंथात लयतत्त्वाची मांडणी संवाद, विरोध आणि समतोल या तीन नियमांनी केली. भावनेच्या ओघळाविषयी त्यांच्याइतकी कठोर भूमिका मराठीत फार थोड्यांनी घेतली असेल. तोच काटेकोर मापदंड येथे लावून पाहावा. अपुरे चरण आणि न थांबणारे गीत यांचा विरोध, मधल्या भागात परतणाऱ्या बोधचिन्हाशी जुळणारा संवाद, आणि अखेरीस दोन्ही चरणांना एकाच वेळी पेलणारा समतोल: रूपवाद्याने याहून अधिक काय मागावे, ते त्यानेच सांगावे. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात, एवढाच गुन्हा उरतो.

आपल्याकडील जुने शास्त्र या बाबतीत अधिक सावध होते. अभिनवगुप्ताने रसास्वादाची सात विघ्ने गणली आहेत. त्यांतील एक ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे आस्वादकाने स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होणे. ही खरी विवशता होय, आणि ती कृतीत नसून प्रेक्षकाच्या चित्तात असते. मौज अशी की हे विघ्न दूर करण्यासाठी जे उपाय सांगितले आहेत त्यांत गायन-वादनाचा समावेश आहे. संगीत माणसाला त्याच्या खाजगी सुखदुःखातून बाहेर काढते, अशी ही धारणा. राखमानिनॉव्हचे टीकाकार नेमके उलटे गृहीत धरतात: ज्या अर्थी श्रोता हेलावला, त्या अर्थी तो स्वतःतच बुडाला असला पाहिजे. हे गृहीतक कोणीही सिद्ध केलेले नाही. सिद्धांत म्हणून त्याची मांडणीही क्वचितच होते; ते केवळ सुरात व्यक्त होते, नाक मुरडण्याच्या सुरात.

त्यामागे आणखी एक गोष्ट आहे, कालगणनेची. 1908 हे ज्या वर्षी आरनॉल्ड शोनबेर्गचे दुसरे स्ट्रिंग क्वार्टेट व्हिएन्नात प्रथम वाजले ते वर्ष. त्याच वर्षी माहलरची सातवी आणि एल्गरची पहिली सिम्फनीही प्रथम सादर झाल्या. इतिहासाला एकच रूळ आहे आणि त्यावरून गाडी एकाच दिशेला जाते असे मानले, तर राखमानिनॉव्ह मागच्या स्थानकावर राहिलेला प्रवासी ठरतो. आडोर्नोने संगीतातील ‘वस्तू’चा मासला म्हणून त्याचाच सी शार्प मायनर प्रेल्यूड निवडला होता, तोही याच दृष्टीने. पण एका लहान प्रेल्यूडवरून तासभराच्या सिम्फनीला शिक्षा होत नाही. साहित्यात हा रूळ केव्हाच उखडला गेला. नवकाव्यानंतर लिहिली गेलेली प्रत्येक छंदोबद्ध कविता शिळी ठरवण्याचे धाडस आज कोणी करीत नाही.

टीकाकारांना एवढे सुनावल्यावर चाहत्यांना मोकळे सोडणे न्याय्य होणार नाही. या अडाजिओवर प्रेम करणाऱ्यांनीच त्याला दुसऱ्या प्रकारे कापले आहे. 1976 मध्ये एरिक कार्मेन या अमेरिकन गायकाने त्याच्या आरंभीच्या सुरावटीवर एक लोकप्रिय प्रेमगीत बेतले. त्याला दोष देण्याचे कारण नाही. सुरावटी प्रवास करतातच. परंतु निवांत संध्याकाळसाठी, झोपेसाठी, ताण हलका करण्यासाठी म्हणून संथ भागांच्या ज्या संकलनमाला निघतात, त्यांत हा अडाजिओ सिम्फनीपासून तोडून घातला जातो. पूर्वी दुवे कापले जात. आता सारी सिम्फनीच कापली जाते आणि उरतो तो उतारा. पाठ्यपुस्तकातील वेच्यावर कादंबरीचा अभ्यास उरकणाऱ्या विद्यार्थ्यासारखा हा रसिक आहे, आणि ब्लॉम यांचा अभिप्राय खरा वाटावा असे ऐकणारा श्रोता असेल तर तो हाच.

कारण पहिल्या भागातले बोधचिन्ह ज्याने ऐकलेच नाही, त्याला अडाजिओच्या मध्यावरील सावली ही केवळ ढग आल्यासारखी वाटणार. दुसऱ्या भागाच्या धावपळीत ‘डिएस इरे’ या मृत्युगीताची छाया ज्याने ओलांडली नाही, त्याला क्लॅरिनेटचा शांतपणा फुकटचा मिळालेला असतो. आणि तो श्रोता चौथ्या भागापर्यंत पोचतच नाही. तेथे, उत्सवाच्या ऐन गर्दीत, ई मेजरच्या झगझगाटात, व्हायोलिनवर ते अडाजिओचे पहिले चरण क्षणभर पुन्हा येते. या वेळी त्याला मागे सरावे लागत नाही. तरीही ते फार थांबत नाही. नृत्याचा जोर त्याला सामावून घेतो आणि वाद्यवृंद पुढे निघून जातो.